स्टेरॉइडच्या ड्रॉपनं डोळा बिघडला म्हणाल्या, आता त्याच मॅडमनी स्टेरॉइड लिहून दिलंय. घालू का नको?

उसातला_माणूस

नमस्कार मंडळी, आमच्या आण्णांच्या डोळ्याचं विचारायचंय, जरा पाल्हाळ होईल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आण्णा ६१ चे, वाळवा तालुक्यात शेती आमची. गणपतीच्या आधी आठवडाभर उसाचा पाला काढत होते, एक दिवस घरी आले ते उजवा डोळा लाल. पात लागली असंल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, त्यांनी पण नाही. दोन दिवसांनी पाणी यायला लागलं, उजेड सहन होईना, तेव्हा स्वतःच मेडिकलमध्ये जाऊन ड्रॉप घेऊन आले. मेडिकलवाला ओळखीचा, डोळ्याकडं बघितलं पण नाही त्यानं, "दोन दिवसात लाली जाईल काका" म्हणला. आणि गेली की हो खरंच! मग काय, बाटली संपेपर्यंत घातला, संपल्यावर दुसरी आणली. पंधरा-सोळा दिवस असेच गेले.

गौरी गेल्यावर एका आरतीला माझ्या लक्षात आलं की आण्णा आरत्यांचं पुस्तक तिरकं, डाव्या डोळ्यासमोर धरून वाचतायत. म्हणलं डावा झाका बघू. झाकला तर म्हणतात "धुकं पडलंय रे, समईची ज्योत तेवढी कळतीया". दुखतंय का विचारलं तर "न्हाई, दुखायचं काय न्हाई".

दुसऱ्या दिवशी मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. मॅडमनी एक पट्टी लावून पिवळा रंग घातला आणि निळा लाईट मारला. मला पण बघायला दिलं. बुबुळावर हिरवं चमकणारं एक डबकं दिसलं, कडा सगळ्या वेड्यावाकड्या. म्हणाल्या हर्पीसचा व्हायरस आहे, सुरुवातीला आला असता तर झाडाच्या फांदीसारखी बारीक रेघ दिसली असती, तुम्ही त्या फांदीचा नकाशा करून आणलाय. मग कापूस घेऊन त्याचं टोक केसाएवढं बारीक वळलं आणि बाजूनं हळूच बुबुळाला लावलं. डाव्या डोळ्याला लावल्यावर पापणी खटकन मिटली, उजव्याला लावलं तर आण्णा शांतपणे समोर बघत बसलेले. ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. बाटली दाखवली तर त्यात अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन मिक्स, म्हणजे स्टेरॉइड. मॅडम जाम चिडल्या, आगीत तेल ओतलंत म्हणाल्या. ते बंद करून ॲसायक्लोव्हिरचं मलम दिवसातून ५ वेळा सांगितलं.

मलमानं जखम भरली, १२-१३ दिवसात. आता खरी पंचाईत पुढं आहे. परवा दाखवायला गेलो तर म्हणाल्या वरची जखम गेली पण बुबुळाच्या आतल्या थराला सूज आहे, मधोमध ढग आहे, आणि चिठ्ठीवर लिहून दिलाय प्रेडनिसोलोनचा ड्रॉप, दिवसातून ४ वेळा, सोबत ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या. मेडिकलमध्ये विचारलं तर हे पण स्टेरॉइडच!! ओपीडीत इतकी गर्दी होती की तिथं विचारायचं सुचलंच नाही. आण्णा आता बाटलीला हात लावायला तयार नाहीत. "ज्यानं डोळा घालवला तेच परत घालू व्हय?" आत्या म्हणती डॉक्टर बदला. आणि बहिणीनं मोबाईलवर हर्पीस शोधून भलतंच काहीतरी वाचलं, ती आण्णांशी नीट बोलेना झालीया, तो एक वेगळाच ताप.

मला एवढंच सांगा की मॅडमचं चुकलंय का? आणि घरात दीड वर्षाची पुतणी आहे, तिला लागेल का हे?

---

रोखठोक_नाना

सरळ डॉक्टर बदला भाऊ. आधी एक औषध विष म्हणून सांगायचं आणि पंधरा दिवसांनी तेच द्यायचं, याला काय अर्थ आहे? सध्या सगळीकडे हाच धंदा चालू आहे.

---

चष्मिष्ट

नाना, थांबा जरा. मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) आहे, डॉक्टर नाही, पण कॉर्नियाच्या ओपीडीत ९ वर्षं स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्रावर बसलेय, आणि हाच प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर येतो.

दादा, तुमच्या मॅडमचं चुकलेलं दिसत नाही. दोन्ही वेळेला औषध स्टेरॉइड असलं तरी डोळ्यातला आजार दोन्ही वेळेला एकच नव्हता.

हर्पीस सिम्प्लेक्सचा व्हायरस बुबुळावरच्या काचेला, म्हणजे कॉर्नियाला दोन तऱ्हांनी त्रास देतो. पहिल्या प्रकारात तो कॉर्नियाच्या सगळ्यात वरच्या कातडीत जिवंत असतो आणि वाढत असतो. ती फांदी म्हणजे हाच, फांदीच्या टोकांना बारीक गाठी पण दिसतात. त्या वेळी शरीराची फौज त्याच्याशी लढत असते आणि लाली म्हणजे त्या लढाईचा धूर समजा. स्टेरॉइड घातलं की फौज झोपते, धूर जातो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि व्हायरसला मोकळं रान मिळतं. फांदी पसरून नकाशा होतो. आण्णांचं पहिले पंधरा दिवस हेच झालं.

दुसऱ्या प्रकारात वरची कातडी भरलेली असते आणि व्हायरस फारसा वाढत नसतो, पण त्याचे उरलेसुरले तुकडे कॉर्नियाच्या आतल्या थरात असतात आणि शरीर त्यांच्यावरच तुटून पडतं. म्हणजे शत्रू पळाला तरी आपलीच फौज गावात गोळीबार करत बसते. त्या सुजेनं काच गढूळ होते. ती तशीच राहू दिली तर तिथं डाग बसतो, आपल्याकडे डोळ्यात फूल पडलं म्हणतात ना तेच. आणि फूल बरोबर मधोमध पडलं की चष्म्याचा कितीही नंबर काढा, काही उपयोग नाही. इथं फौजेला आवर घालायला स्टेरॉइड लागतं, पण व्हायरसनं परत डोकं वर काढू नये म्हणून सोबत अँटिव्हायरल चालू ठेवूनच. तुमच्या चिठ्ठीत गोळ्या आहेत त्या त्यासाठी. अमेरिकेत नव्वदच्या दशकात हर्पीसच्या डोळ्यांवर एचईडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात आतल्या थराच्या सुजेला अँटिव्हायरलच्या जोडीनं स्टेरॉइड दिलेल्या लोकांची सूज रेंगाळण्याचा किंवा वाढण्याचा धोका ६८ टक्क्यांनी कमी झाला. तेव्हापासून सगळीकडे हीच पद्धत आहे.

आता तीन गोष्टी नीट सांभाळा. गोळ्या सोडून नुसता ड्रॉप घालायचा नाही, म्हणजे नाहीच. "बरं वाटतंय" म्हणून ड्रॉप एकदम बंद पण करायचा नाही, सूज उसळून परत येते, तो हळूहळू कमी करत नेतात, ४ वेळाचा ३, मग २, मग १, कधीकधी दिवसाआड, महिने लागतात. आणि प्रत्येक भेटीला डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, स्टेरॉइडनं काही लोकांचं प्रेशर वाढतं आणि या व्हायरसनं पण वाढतं, आणि प्रेशर वाढलेलं पेशंटला कळत नाही.

तो न दुखण्याचा प्रकार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हा व्हायरस लहानपणी कधीतरी अंगात शिरतो आणि कानाच्या पुढे, कवटीच्या आत चेहऱ्याच्या नसेची एक गाठ असते, तिथं जाऊन वर्षानुवर्षं झोपून राहतो. जागा झाला की नसेवरून डोळ्यात उतरतो, आणि येता-जाता नस बधिर करतो. म्हणून कापूस लावून बघतात. उसाची पात लागून बुरशीची जखम झाली असती, जी आपल्या भागात शेतकऱ्यांमध्ये पुष्कळ दिसते, तर आण्णांना दुखलं असतं बहुतेक. लाल डोळा, धूसर दिसतंय आणि त्या मानानं दुखत नाही, हे ऐकलं की आम्ही कापूसच शोधायला लागतो.

---

उसातला_माणूस

ताई काय बोलू, एवढं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. फौजेचं आण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले "असं व्हय", आणि मिशीवरनं हात फिरवला. अजून ड्रॉप घातला नाहीये पण बाटली टेबलावरनं त्यांच्या खाटेजवळ आली आहे.

बहिणीचं कसं करू? आणि पुतणीचं?

---

चष्मिष्ट

बहिणीला सांगा की हर्पीसचे दोन भाऊ आहेत, आणि ती ज्याबद्दल वाचून बसलीय तो बहुतेक दुसरा. डोळ्यात येणारा जवळजवळ नेहमी पहिला, म्हणजे एचएसव्ही-१ असतो. तो जगातल्या पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात आहे, तुमच्या बहिणीच्या पण असेल आणि माझ्या तर आहेच, कारण मला ताप आला की ओठाच्या कडेला फोड उठतात, ते याचंच काम. तो लागतो लहानपणी, कोणीतरी लाडानं पापा घेतला, उष्टा चमचा तोंडात घातला, असा. चारित्र्याशी काडीचा संबंध नाही. त्यांच्याशी बोलायला सांगा, डोळा गेला म्हणून आधीच माणूस खचलेला असतो.

पुतणीला आण्णांच्या डोळ्यातून लागण्याची शक्यता कमी, आता तर जखम भरलीय. पण टॉवेल वेगळा, ड्रॉप घालायच्या आधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे. घरात कुणाच्याही ओठावर फोड असतील तेव्हा मात्र बाळाचे पापे घ्यायचे नाहीत. अगदी नवजात बाळाला हा व्हायरस फार वाईट.

---

पावसाळी_हवा

हे २०२३ च्या साथीसारखं आहे का पण? आळंदीला तेव्हा शाळेतल्या मुलांना धडाधड डोळे आले होते, मग पुण्यात पण घरटी एक. आमच्या घरात तर पाचही जणांना. तेव्हा आम्ही पण मेडिकलमधलेच ड्रॉप घातले, काही झालं नाही.

---

चष्मिष्ट

नाही, ते डोळे येणं, ते वेगळे व्हायरस. दोन-चार दिवसांत दोन्ही डोळे, चिकट घाण, सकाळी पापण्या चिकटलेल्या, आणि भयंकर सांसर्गिक, पण नजर बहुतेक शाबूत राहते. एक अपवाद आहे, ॲडिनोव्हायरसनं आलेले डोळे बरे झाल्यावर काहींच्या कॉर्नियावर नाण्यांसारखे बारीक गोल ठिपके राहतात, महिनोन्महिने दिव्याभोवती वलय दिसतं, हळूहळू जातात. हर्पीस शक्यतो एकाच डोळ्यात येतो. एका डोळ्याची लाली आणि नजर कमी, हे "डोळे आले" म्हणून घरी बसायचं दुखणं नव्हे.

तुमचं काही झालं नाही हे तुमचं नशीब, पावसाळी. पाचांपैकी एकाच्या डोळ्यात फांदी असती तर?

---

तिसरी_खेप

मी पेशंट या नात्यानं लिहितो. माझ्या डाव्या डोळ्यात हर्पीस आतापर्यंत तीनदा आलाय, म्हणून आयडीचं नाव हे. पहिल्यांदा २०१३, मग २०१६, मग २०१९.

तुमच्या आण्णांना मी ओळखत नाही पण त्यांची भीती ओळखतो. मला पण पहिल्या वेळी मलम दिलं आणि दुसऱ्या वेळी स्टेरॉइड, आणि मी शहाणपणा करून स्टेरॉइड तीन आठवड्यांत स्वतःच्या मनानं बंद केलं कारण दिसायला लागलं होतं, ऑफिसला सुट्टी नव्हती आणि दर दोन तासांनी ड्रॉप घालायचा म्हणजे मीटिंगमधून उठून बाथरूममध्ये मान वर करून उभं राहायचं. दहा दिवसांत ढग परत, आधीपेक्षा दाट. आज माझ्या डाव्या डोळ्याच्या मध्यापासून जरा खाली एक पांढुरका डाग आहे, आरशात टॉर्च मारली तर दिसतो. वाचताना अक्षराच्या खाली सावली पडल्यासारखं होतं. नजर ६/१८. म्हणजे चालतंय, पण संध्याकाळी समोरून गाडी आली की तो डाग उजेडानं फुटतो आणि रस्ता जातो, म्हणून रात्रीची गाडी चालवणं मी सोडलं.

तिसऱ्या वेळेनंतर मला ॲसायक्लोव्हिर ४०० एमजी सकाळ-संध्याकाळ, वर्षभर, असं लावलं. जखम नसताना गोळी कशाला असं मला पण वाटलेलं, पण डॉक्टरांनी आकडा सांगितला तो डोक्यात बसला. वर चष्मिष्ट ताईंनी सांगितलेल्या अभ्यासाचाच पुढचा भाग, १९९८ ला छापून आला, ७०३ पेशंट, वर्षभर गोळी घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना परत आलं आणि नुसती साखरेची, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी ३२ टक्क्यांना. म्हणजे गोळी घेऊन पण येऊ शकतं, पण फरक आहे, आणि ज्याच्या कॉर्नियावर आधीच डाग आहे त्याला एकेक खेप महाग पडते. भरपूर पाणी प्यायचं आणि मधूनमधून क्रिएटिनिन तपासायचं, किडनीसाठी. आण्णांना शुगर किंवा किडनीचं काही असेल तर मॅडमना आधी सांगा, डोस बदलतात.

लोक मला सांगतात ऊन टाळ, टेन्शन घेऊ नकोस. मी सात वर्षं डायरी लिहिली, काही मेळ बसला नाही. नंतर कळलं की त्याच एचईडीएसवाल्यांनी पेशंटकडून आठवड्याला तक्ते भरून घेतले होते, ताण, ऊन, आजारपण सगळ्याचे, आणि त्यांना पण ठोस काही सापडलं नव्हतं. तेव्हापासून बायकोनं "तू टेन्शन घेतोस म्हणून" म्हणणं बंद केलंय, हा एक फायदा.

दिसण्याचं विचारलं नाहीत तुम्ही पण मनात असणारच. सूज उतरली की बरंचसं धुकं जातं, डाग राहिला तर राहतो. पुढे फारच राहिला तर नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवतात, पण डोळा बरेच महिने पूर्ण शांत राहिल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि नव्या कॉर्नियात पण व्हायरस परत येऊ शकतो कारण तो बसलाय नसेत, कॉर्निया बदलून नस बदलत नाही. त्यामुळे आहे तो वाचवा. आणि उद्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली तर "या डोळ्यात हर्पीस येऊन गेलाय" हे पहिलं वाक्य असलं पाहिजे, ऑपरेशननं पण जागा होतो हा, आधीपासून गोळी चालू करतात.

---

निसर्गाची_लेक

एवढी केमिकल कशाला? आमच्याकडे आजी शुद्ध मध आणि पांढऱ्या कांद्याचा रस समप्रमाणात घालायची, डोळा लख्ख. कोणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

तिसरी_खेप

आजीबद्दल आदर ठेवून सांगतो, ज्या डोळ्याला कापूस लागलेला कळत नाही त्याला कांद्याचा रस पण कळत नाही. झोंबणार नाही म्हणून "मानवलं" असं वाटेल आणि जखम खोल जाईल. कृपया व्यनि करू नका कोणी.

---

चष्मिष्ट

+१. आणि रुईचा चीक सांगणारे पण येतील, त्यांना आधीच हात जोडून नको म्हणते. चिकानं कॉर्निया सुजून पांढरा झालेले मी बघितलेत.

---

माहेरची_साडी_सासरचा_पदर

मी डोळ्याच्या दुसऱ्या हर्पीसबद्दल सांगते, कारण आमच्यावर ते गेल्या वर्षी आलं आणि आम्ही दोन दिवस घालवले. विषय थोडा वेगळा आहे पण कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

सासूबाई ७२ च्या. डाव्या कपाळाची आग होतेय म्हणत होत्या, केस विंचरता येईनात, आम्हाला वाटलं पित्त, आल्याचा चहा, बाम. तिसऱ्या दिवशी भुवईच्या वर पुरळ, पाण्यानं भरलेलं. शेजारच्या काकू बघताक्षणी म्हणाल्या नागीण. झालं! गेरू लावा, अमक्या गावचा बाबा उतरवतो, नागिणीचं तोंड आणि शेपूट एकत्र आलं की माणूस जातो. सासरे घाबरून गाडी काढायला निघाले, त्या बाबाकडे. गेरूचा लेप मात्र लागलाच कपाळभर.

माझी नणंद आली आणि तिनं नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं. तिथं एक छोटा फोड होता, मोहरीएवढा, आम्ही कोणी बघितलाच नव्हता. ती त्वचारोगाच्या दवाखान्यात काम करते, म्हणाली शेंड्यावर फोड आला की डोळा धोक्यात, आजच्या आज डोळ्याचा डॉक्टर. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की याला हचिन्सनचं चिन्ह म्हणतात, नाकाच्या शेंड्याला जाणारी नस आणि डोळ्याच्या आत जाणारी नस एकाच फांदीच्या, शेंड्यावर पोचला म्हणजे आत पोचलेला असण्याची शक्यता पुष्कळ.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच व्हायरस. तो पण नसेत झोपतो आणि म्हातारपणी किंवा अंगातली ताकद कमी झाली की उठतो. ज्या बाजूच्या नसेतून उठला त्याच बाजूला राहतो, सासूबाईंचे फोड कपाळाच्या बरोबर मध्यावर, फुटपट्टीनं रेघ मारावी तसे थांबले होते. तोंड-शेपूट एकत्र यायचा प्रश्नच नाही मग. गोळ्या त्याच ॲसायक्लोव्हिरच्या पण डोस मोठा, ८०० एमजी दिवसातून ५ वेळा, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. आम्ही ६० व्या तासाला पोचलो असू. आधी गेरू खरवडून काढायला नर्सला अर्धा तास लागला, तेव्हा सासूबाई ओरडल्या त्या अजून कानात आहेत.

डोळ्याच्या आत सूज आली होती, प्रेशर वाढलं होतं, त्यांना पण स्टेरॉइडचे ड्रॉप दिले होते गोळ्यांसोबत, आणि नजर वाचली. कपाळाचं दुखणं मात्र अजून आहे. वर्ष होत आलं, डोक्यावरून पदर घेतला तरी त्या बाजूला कळ जाते म्हणून पदर उजव्या कानामागे खोचतात. देवाला नमस्कार करताना पण अर्धाच पदर. याची लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांना, दोन डोस, मध्ये २ ते ६ महिन्यांचं अंतर. महाग आहे, पण सासऱ्यांना आम्ही दिली. त्यांनी कुरकुर न करता दंड पुढे केला, हे मी पहिल्यांदा बघितलं.

---

रोखठोक_नाना

हे माहीत नव्हतं. आमच्या चुलत्यांच्या कपाळावर नागीण आली होती, ८८-८९ साल असेल, उतरवायलाच नेलं होतं. तो डोळा गेलाच. आम्ही सगळे म्हणायचो नागिणीनं डोळा नेला. नाकावर फोड होता का आठवत नाही.

वर डॉक्टर बदला म्हणालो ते मागे घेतो.

---

अंधारातला_ठिपका

थोडक्यात माझं पण टाकतो, कारण सगळे लाल डोळ्याबद्दल बोलतायत आणि माझा धड लाल पण नव्हता. वय ३४, एका डोळ्यासमोर माशा उडाल्यासारखे काळे ठिपके, हलकं दुखणं, उजेडाचा त्रास. चार दिवस स्क्रीनटाईमला दोष दिला. पाचव्या दिवशी बाजूचं दिसायचं कमी झालं. बाहुली मोठी करून पडदा बघितला तर कडेकडेनं पांढरे चट्टे. ॲक्यूट रेटिनल नेक्रोसिस, हेच नागीण-हर्पीसवाले व्हायरस पण कॉर्नियात न येता थेट मागच्या पडद्यात. त्याच दिवशी ॲडमिट, शिरेतून ॲसायक्लोव्हिर, डोळ्यात इंजेक्शन. तरी दोन महिन्यांनी पडदा सुटला, ऑपरेशन करून आत सिलिकॉन तेल भरलंय. त्या डोळ्यानं बोटं मोजता येतात. दुसरा डोळा शाबूत आहे, तो वाचावा म्हणून गोळ्या बरेच महिने चालल्या, कारण हा आजार दुसऱ्या डोळ्यात पण जातो. ठिपके अचानक वाढले तर बाहुली मोठी करून तपासून घ्या, नुसत्या चष्म्याच्या दुकानात जाऊन येऊ नका.

---

उसातला_माणूस

मंडळी, अपडेट. उशीर झाला, उसाची पट्टी आणि आण्णांची तारीख एकाच आठवड्यात आली.

आण्णांनी ड्रॉप त्याच रात्री चालू केला. तिसरी_खेप दादांचं मीटिंगमधून उठून बाथरूममध्ये जायचं वाचून दाखवलं तेव्हा हसले, म्हणाले "मला काय, बांधावर मान वर केली की झालं". कालनिर्णयवर आई प्रत्येक ड्रॉपची काडी मारती, चार उभ्या काड्या झाल्या की दिवस संपला. बहीण रविवारी आली होती, तिनंच दुपारचा ड्रॉप घातला. बोलली काही नाही, पण घातला.

दहा दिवसांनी मॅडमना दाखवलं. प्रेशर नॉर्मल, सूज थोडी उतरलीय. आधी फक्त बोटं मोजत होते, आता तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी वाचल्या. मधला ढग आहे अजून, थोडा डाग राहील असं त्या म्हणाल्या, किती ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. ड्रॉप चारावरनं तीनवर आणलाय, गोळ्या तशाच. तुमच्या सांगण्यावरून शुगर सांगितली, त्यांनी क्रिएटिनिन करून घेतलं, ठीक आलं. मेडिकलवाल्याकडं मी गेलो होतो, भांडायला नाही, नुसतं सांगायला. त्यानं मान खाली घालून ऐकलं आणि म्हणला लोकच मागतात हो. ते पण खोटं नाही.

एक राहिलंच. बाटली उजेडात धरली की तळाला पांढरा गाळ दिसतो, वर पाणी. खराब झालीय का?

---

चष्मिष्ट

खराब नाही झाली. औषधच तो गाळ आहे. प्रत्येक वेळी घालायच्या आधी बाटली चांगली हलवायची, पंधरा-वीस वेळा तरी. न हलवता घालत असाल तर आण्णा दहा दिवस अर्धं पाणीच घालत होते.

---

उसातला_माणूस

आई हलवून देत होती, ताकाची सवय. बहिणीनं तेवढा नाही हलवला त्या दिवशी. सांगतो तिला.